नदीतील मोठ्या माशांचा साठा : वाढ, वय आणि पकडीची मर्यादा

खोलडोह (धागाकर्ता)

मोठ्या नदीतील मोठ्या माशांची पकड किती असावी, हे बहुतेक ठिकाणी गेल्या काही वर्षांच्या पकडीकडे पाहून ठरते. पकड टिकून असेल तर साठा ठीक आहे असे मानले जाते आणि ती घसरली की मर्यादा घातली जाते. लहान, वर्ष-दोन वर्षांत पिढी पूर्ण करणाऱ्या माशांच्या बाबतीत ही पद्धत कशीबशी चालते. मोठ्या माशांच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते, असे माझे ठाम मत आहे आणि ते आकडेमोडीने तपासून पाहावे यासाठी हा धागा काढतो आहे. पकडीचा हिशेब मासा किती मोठा होतो येथून नव्हे, तर मादी कितव्या वर्षी पहिल्यांदा अंडी घालते येथून सुरू व्हायला हवा.

एक साधे उदाहरण घेऊ. मासा तिसऱ्या वर्षापासून जाळ्यात सापडू लागतो आणि दर वर्षी त्या वयापुढील माशांपैकी 20 टक्के पकडले जातात, असे धरू. नैसर्गिक मृत्यू क्षणभर बाजूला ठेवू. मादी चौथ्या वर्षी प्रौढ होत असेल, तर 100 पैकी 80 माद्या प्रौढावस्थेपर्यंत पोहोचतात. मादी विसाव्या वर्षी प्रौढ होत असेल, तर तिला मासेमारीची 17 वर्षे पार करावी लागतात आणि 100 पैकी जेमतेम 2 पोहोचतात. पकडीचा दर दोन्हीकडे तोच आहे, जाळी तीच आहेत. दर 5 टक्क्यांवर आणला तर दुसऱ्या प्रकारातही 100 पैकी सुमारे 42 माद्या पोहोचतात. म्हणून ‘20 टक्के ही मध्यम पकड आहे’ या विधानाला, मासा कोणता हे सांगितल्याखेरीज, काहीच अर्थ नाही.

आता वाढीकडे वळू. माशाची लांबी सुरुवातीला वेगाने वाढते, मग वेग मंदावत जातो आणि ती एका कमाल मर्यादेजवळ पोहोचते. लुडविग फॉन बर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाने 1938 मध्ये मांडलेले समीकरण आजही मत्स्यविज्ञानात याच वर्णनासाठी वापरले जाते. त्यात दोन संख्या महत्त्वाच्या आहेत : कमाल लांबी आणि त्या लांबीकडे जाण्याचा वेग, ज्याला के म्हणतात. कमाल लांबी 200 सेंटिमीटर आणि के 0.1 धरला, तर पाचव्या वर्षी मासा सुमारे 79, दहाव्या वर्षी 126 आणि विसाव्या वर्षी 173 सेंटिमीटरचा होतो. के 0.3 असेल तर पाचव्या वर्षीच तो 155 सेंटिमीटरवर पोहोचतो. शेवटी दोन्ही मासे तेवढेच मोठे दिसणार आहेत. पण एकाची भरपाई पाच वर्षांत होते आणि दुसऱ्याची होण्यास एका माणसाची उमेद जाते.

वजनाचे गणित आणखी वेगळे आहे. वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते. त्यामुळे लांबीची वाढ मंदावली असतानाही मासा वजनाने जोरात भरत असतो. वरच्या समीकरणानुसार वजनवाढीचा सर्वाधिक वेग कमाल लांबीच्या दोन तृतीयांशावर असतो; के 0.1 असलेल्या माशात तो टप्पा अकराव्या वर्षी येतो. त्याआधी मासा उचलणे म्हणजे ओंब्या भरण्याआधीच पीक कापणे होय.

---

वाढवलय

मांडणी पटली. पण या सगळ्या हिशेबाचा पाया वय आहे आणि मोठ्या माशांचे वय ओळखण्यातच सर्वांत मोठी चूक होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

माशाच्या खवल्यांवर, परांच्या काट्यांमध्ये आणि कानातील चुनखडीच्या खड्यांमध्ये, म्हणजे कर्णाश्मांमध्ये, झाडाच्या खोडातल्यासारखी वलये तयार होतात. वाढ जोरात असते तेव्हा पट्टा रुंद पडतो आणि वाढ थंडावते तेव्हा अरुंद. खवले काढणे सोपे असते आणि त्यासाठी मासा मारावा लागत नाही, म्हणून पूर्वीची पुष्कळ वये खवल्यांवरून काढलेली आहेत. अडचण अशी की मासा म्हातारा झाला की खवल्याची वाढ जवळजवळ थांबते, कडेची वलये एकमेकांत मिसळतात आणि 40 वर्षांचा मासा 15 वर्षांचा वाचला जातो. कर्णाश्म मात्र मासा जिवंत असेपर्यंत थर चढवत राहतो. त्याचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी केली तर वय बरेच विश्वासार्ह मिळते. पण त्यासाठी मासा मारावा लागतो आणि दुर्मीळ जातीच्या बाबतीत ही किंमत परवडत नाही. स्टर्जन या दीर्घायुषी, उशिरा प्रौढ होणाऱ्या मोठ्या माशात छातीच्या परातील पहिल्या जाड काट्याचा लहान तुकडा कापून वय वाचतात. मासा जगतो, परंतु म्हाताऱ्या माशांची वये तेथेही कमीच भरतात.

ही चूक किती मोठी असू शकते याचे एक उदाहरण उत्तर अमेरिकेतील बिगमाउथ बफेलो या गोड्या पाण्यातील माशाचे आहे. त्याचे कमाल आयुष्य 26 वर्षांच्या आसपास मानले जात होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कर्णाश्मांचे छेद वाचले गेले, अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणेशी ते ताडून पाहिले गेले आणि एका माशाचे वय 112 वर्षे निघाले. इतकी वर्षे या माशाला ‘भराभर पिढी बदलणारा’ समजून वागवले गेले होते.

वय कमी वाचले की के जास्त निघतो, नैसर्गिक मृत्युदर जास्त निघतो आणि साठा मोठी पकड सोसेल असे कागदावर दिसू लागते. तिन्ही चुका एकाच दिशेला, म्हणजे जास्त पकडीच्या बाजूला ढकलतात. माझ्या मते कोटा ठरवण्याआधी वय कशावरून वाचले, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

---

काठावरून

खोलडोह, तुमच्याच आकड्यांवर एक शंका आहे. एकाच वर्षी जन्मलेल्या माशांचा गट घेतला, तर प्रत्येक मासा वजनाने वाढत जातो आणि संख्या नैसर्गिक मृत्यूमुळे घटत जाते. म्हणजे त्या गटाचे एकूण वजन कधीतरी शिखरावर पोहोचून मग उतरणार. के 0.1 आणि नैसर्गिक मृत्यूचा तात्कालिक दरही 0.1, म्हणजे वर्षाला साधारण साडेनऊ टक्के, असे धरून मी हिशेब केला. शिखर चौदाव्या वर्षाच्या आसपास येते आणि तेव्हा लांबी 150 सेंटिमीटर असते. मग 150 सेंटिमीटर ही किमान मर्यादा ठेवून त्यापुढचे मासे मोकळेपणाने का पकडू नयेत? लहान मासे वाचले, वजनही जास्तीत जास्त मिळाले. अनेक ठिकाणी केवळ किमान आकाराचा नियम असतो, त्यामागे हाच विचार असावा.

---

खोलडोह

हिशेब बरोबर आहे आणि शंका अगदी मर्मावर आहे. रे बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट यांनी 1957 मध्ये जी चौकट मांडली, तिच्यातील ‘साठ्यात दाखल झालेल्या प्रत्येक माशामागे मिळणारे उत्पन्न’ हा विचार तुम्ही मांडला आहे. त्यात एक गोष्ट गृहीत असते : दर वर्षी तितकेच नवे मासे साठ्यात येत राहतील. ते कोठून येणार, हे त्या विशिष्ट गणितात नसते.

आपल्या उदाहरणातील मादी विसाव्या वर्षी प्रौढ होते. चौदाव्या वर्षी सगळे मासे पकडले, तर वजन उत्तम मिळेल आणि अंडी घालणारी एकही मादी उरणार नाही. मासे पुरेसे वाढण्याआधी पकडणे हा एक प्रकारचा अतिरेक आहे. अंडी घालणारे मासे इतके कमी करणे की पुढची पिढीच आटावी, हा दुसरा. किमान आकाराचा नियम पहिल्यापासून वाचवतो. लवकर प्रौढ होणाऱ्या माशात तो दुसऱ्यापासूनही बऱ्याच अंशी वाचवतो, कारण मर्यादा ओलांडण्याआधी मादी एक-दोनदा विणलेली असते. उशिरा प्रौढ होणाऱ्या माशात मात्र तो सारा भार नेमका प्रौढ होऊ घातलेल्या माद्यांवर टाकतो.

शिवाय सर्व प्रौढ माद्या सारख्या नसतात. मोठ्या मादीच्या पोटात गाभोळी जास्त असते, एवढेच हे नाही. अनेक जातींत अंड्यांचे प्रमाण मादीच्या वजनापेक्षाही वेगाने वाढते. 2018 मध्ये शेकडो सागरी जातींच्या तुलनेतून हे ठळकपणे मांडले गेले. तेव्हा 40 किलोची एक मादी आणि 10 किलोच्या चार माद्या यांना हिशेबात सारखे धरणे चूक ठरू शकते. स्टर्जनसारख्या माशात मादी दर वर्षी विणतही नाही, दोन विणींच्या मध्ये काही वर्षे जातात. अशी एक म्हातारी मादी गेली तर तिची जागा भरायला दशके लागतात.

म्हणून मी किमान आणि कमाल अशा दुहेरी मर्यादेच्या बाजूने आहे. मधल्या पट्ट्यातील मासे पकडावेत; पट्ट्याखालचे वाढीसाठी आणि वरचे विणीसाठी सोडावेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी 2014 मध्ये मरे कॉड या नदीतील मोठ्या माशासाठी 55 ते 75 सेंटिमीटरचा पट्टा ठरवला. त्यापूर्वी तेथे किमान मर्यादा 60 आणि कमाल मर्यादा 100 सेंटिमीटर होती, म्हणजे पट्टा अरुंद करून तो खाली सरकवला गेला. उत्तर अमेरिकेतील कोलंबिया नदीतल्या पांढऱ्या स्टर्जनची कथा अधिक जुनी आहे. तेथील पकड 1892 मध्ये शिखरावर होती आणि त्या शतकाच्या अखेरीस साठा कोसळला. 1950 मध्ये सहा फुटांपेक्षा मोठा मासा न पकडण्याचा नियम आला, तो प्रौढ माद्या वाचवण्यासाठीच.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. दुहेरी मर्यादा असली तरी मधला पट्टा पार करायला माशाला किती वर्षे लागतात, हे मोजावे लागते. पट्टा दोन वर्षांत पार होत असेल तर वर्षाला 20 टक्के पकड चालेल. दहा वर्षे लागत असतील तर पट्ट्याच्या वर पोहोचणारे मासे 100 पैकी 10-11 च उरतात आणि कमाल मर्यादा नावापुरती राहते.

---

मोजदाद

आतापर्यंतची सगळी चर्चा टक्क्यांत चालली आहे. टक्के कशाचे? नदीत मासे किती, हेच माहीत नसेल तर 5 टक्के आणि 20 टक्के हे दोन्ही केवळ शब्द राहतात. गढूळ, खोल, वाहत्या पाण्यात मोजणी करणे सोपे नाही, तरीही ती करता येते.

जुनी आणि अजूनही उपयोगी पद्धत खुणा करण्याची आहे. समजा 400 मासे पकडून त्यांना खूण केली आणि सोडले. काही काळाने 300 मासे पकडले आणि त्यात 12 खुणेचे निघाले, तर एकूण साठा 400 गुणिले 300 भागिले 12, म्हणजे 10,000 येतो. खुणेचे मासे थोडेच सापडतात तेव्हा हा आकडा किंचित फुगलेला असतो. त्यासाठीची दुरुस्ती केली की तो सुमारे 9,280 वर येतो. पण खरी चूक या दुरुस्तीत नसतेच. काही खुणा गळून पडतात, काही मासे खूण करताना झालेल्या इजेने मरतात आणि काही मासेमार खुणेचा मासा मिळाल्याचे कळवत नाहीत. या तिन्हींमुळे खुणेचे मासे कमी सापडतात आणि साठा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. म्हणून प्रत्येक माशाला दोन खुणा करून त्यातली एकच उरलेली किती सापडतात हे पाहतात, म्हणजे गळतीचा दर कळतो.

दुसरी पद्धत ॲमेझॉनच्या खोऱ्यातील अरापायमा माशाची आहे, ज्याला ब्राझीलमध्ये पिरारुकू म्हणतात. हा मासा जवळजवळ तीन मीटरपर्यंत वाढतो आणि त्याला हवेतून श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे तो थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येतो. अनुभवी मासेमार आवाजावरून आणि पाण्याच्या हालचालीवरून एक मासा दुसऱ्यापासून वेगळा ओळखतात. मामिराउआ राखीव क्षेत्रात पाण्याचे भाग वाटून घेऊन, 20 मिनिटांच्या अवधीत, दीड मीटरपेक्षा मोठे आणि एक ते दीड मीटरचे असे दोन गट वेगवेगळे मोजले जातात. लिआंद्रो कास्तेल्लो या संशोधकाने ही मोजणी खुणांवरून काढलेल्या अंदाजाशी ताडून पाहिली आणि 2004 मध्ये ती प्रसिद्ध केली. दोन्ही आकडे एकमेकांशी चांगले जुळले. 1996 मध्ये आमेझोनास राज्यात या माशाच्या पकडीवर बंदी आली होती. 1999 पासून मामिराउआमध्ये मोजणीवर आधारलेली पकड सुरू झाली. मोजलेल्या प्रौढांपैकी 30 टक्क्यांपर्यंतच कोटा मिळतो, दीड मीटरखालचा मासा पकडता येत नाही आणि विणीच्या काळात मासेमारी बंद असते. तेथे साठा वाढला. मला यात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की ज्यांनी मोजले त्यांनाच कोटा मिळाला. मोजणी खोटी केली तर पुढच्या वर्षी त्यांचेच नुकसान होते.

---

काठावरून

मोजदाद, आपण 30 टक्के लिहिले आणि धाग्याच्या सुरुवातीला 20 टक्के घातक ठरवले गेले आहेत. मग यातले कोणते खरे मानावे?

---

खोलडोह

दोन्ही आपापल्या माशासाठी खरे आहेत आणि धाग्याचा मुद्दा हाच आहे. अरापायमा अतिशय वेगाने वाढतो, साधारण तीन ते पाच वर्षांत, दीड मीटरच्या आसपास प्रौढ होतो आणि नर पिल्लांची राखण करतो. शिवाय तेथील 30 टक्के केवळ मोजलेल्या प्रौढांचे आहेत, संपूर्ण साठ्याचे नव्हेत. हाच आकडा उचलून स्टर्जनला लावला, तर माझ्या पहिल्या उदाहरणाप्रमाणे 17 वर्षांच्या मासेमारीनंतर 1,000 पैकी दोन-तीन माद्या उरतील. आकारात हे दोन मासे एकमेकांच्या जवळपास असतील, पण एकाचा नियम दुसऱ्याला लावणे साठा संपवण्यासारखे आहे.

आता मी सुरुवातीला म्हटले होते की गेल्या वर्षीच्या पकडीकडे पाहणे घातक आहे, त्याचे कारण देतो. पाणी कमी झाले की मोठे मासे उरलेल्या खोल डोहांत एकत्र येतात. मासेमारांना ते डोह पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात. साठा 10,000 वरून 3,000 वर आला तरी तेच डोह भरतात, फक्त लहानसहान डोह रिकामे राहतात. मासेमार भरलेल्या डोहावर जातो, त्याला एका फेरीत पूर्वीइतकेच मासे मिळतात आणि ‘एका फेरीमागची पकड’ हा आकडा वर्षानुवर्षे सपाट दिसतो. शेवटचे दोन-चार डोह उरतात तेव्हा तो एकदम कोसळतो. तोवर सावध करणारे काही हाती लागलेले नसते. यात मासेमार कोणतीही लबाडी करत नाही, माशाच्या सवयीच तशा असतात. म्हणून पकडीच्या आकड्याबरोबर किती डोहांत मासे मिळाले आणि पकडलेल्या माशांचे वय व लांबी काय होती, हेही नोंदवायला हवे. मोठे मासे दिसेनासे होणे ही पहिली खूण असते आणि ती एकूण पकड घटण्याच्या कितीतरी आधी दिसते.

---

पूरमैदान

या संपूर्ण चर्चेत नदीच राहून गेली आहे, म्हणून लिहितो. तळ्यातल्या माशाचे गणित नदीतल्या माशाला जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण मोठ्या नदीत नव्या पिढीचा आकार पूर ठरवतो. जंक, बेली आणि स्पार्क्स यांनी 1989 मध्ये पूरस्पंदाची संकल्पना मांडली. पाणी काठ ओलांडून मैदानात पसरते तेव्हा पिल्लांना उथळ, उबदार, अन्नाने भरलेली जागा मिळते. पाणी ओसरते तेव्हा ती नदीत परततात. पूर उंच आणि लांबलेला असेल तर मोठी पिढी येते, पूर आखूड असेल तर जेमतेम. अनेक पूरमैदानी नद्यांत या वर्षीची पकड या वर्षीच्या पाण्यापेक्षा काही वर्षांपूर्वीच्या पुराशी अधिक जुळते, कारण त्या पुरात वाढलेली पिढी आता जाळ्याच्या आकाराला आलेली असते.

कोट्याच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. सलग तीन-चार वर्षे पूर कमी आला, तर त्या पिढ्या आज लहान आहेत हे आजच कळते, जरी पकडीत त्याचा परिणाम पाच-सात वर्षांनी दिसणार असला तरी. कोटा तेव्हापासूनच उतरवायला सुरुवात करता येते. दीर्घायुषी मासा निसर्गतः अशा वाईट वर्षांतून तरतो तो म्हाताऱ्या माद्यांच्या आधारावर. त्या चांगल्या पुराची वाट पाहत जगतात आणि तो आला की एकाच वर्षात तूट भरून काढतात. त्या माद्या काढून घेतल्या तर साठा एकेका पुरावर अवलंबून राहतो. वर खोलडोह यांनी दुहेरी मर्यादेचे जे समर्थन केले आहे, त्याला हे आणखी एक कारण आहे.

आणि जेथे वाटच अडली आहे तेथे कोणतीही मर्यादा पुरत नाही. यांग्त्से नदीतील चिनी पॅडलफिश हा त्याचा सर्वांत दुःखद दाखला आहे. 1981 मध्ये गझौबा धरणाने नदी अडवली, विणीच्या जागांकडे जाणारा मार्ग तुटला, आधीच अतिमासेमारीने खचलेला साठा सावरू शकला नाही. हा मासा अखेरचा दिसला तो 2003 मध्ये आणि 2022 मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. यांग्त्सेच्या मासेमारीवर 1 जानेवारी 2021 पासून दहा वर्षांची बंदी आहे. ती इतर जातींसाठी मोलाची आहे. पॅडलफिशसाठी ती फार उशिरा आली.

---

काठावरून

शेवटची एक व्यवहारातली शंका. कमाल मर्यादेपेक्षा मोठा मासा गळाला किंवा जाळ्यात लागला तर तो सोडायचा, हे समजले. पण सोडलेला मासा जगतो का?

---

मोजदाद

ते साधनावर आणि पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. गळ ओठाला लागला असेल, मासा पाण्यातच ठेवून सोडवला असेल आणि पाणी थंड असेल तर बहुतेक मासे जगतात. गळ घशात गेला असेल किंवा पाणी तापलेले असेल तर जगण्याची शक्यता बरीच घटते, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेल्या माशाला तो जास्त लागतो. म्हणून उन्हाळ्याच्या ऐन आठवड्यांत मोठ्या माशांची गळाने मासेमारी थांबवणे हाच बरा उपाय आहे. मोठा मासा शेपटीने किंवा जबड्याने उभा टांगला तर त्याच्या स्वतःच्या वजनाने मणक्याला आणि आतल्या अवयवांना इजा होते. त्याला दोन्ही हातांनी आडवा धरून, पाण्याबाहेर न काढता मोजावे.

उभ्या जाळ्यात कल्ल्यांनी अडकलेल्या माशाचे तसे नसते. तो रात्रभर अडकून पडला तर सोडण्याचा नियम निरर्थक ठरतो. तेथे मर्यादा माशावर नव्हे, जाळ्याच्या आसावर, म्हणजे विणीतील भोकाच्या आकारावर, घालावी लागते. प्रत्येक आसात ठरावीक घेराचे मासेच नीट अडकतात. त्याहून लहान निसटून जातात आणि फार मोठ्यांचे डोके आत शिरत नाही. आस नेमका निवडला तर जाळेच दुहेरी मर्यादा बऱ्याच अंशी पाळते. मात्र धागा बारीक आणि जाळे सैल सोडलेले असेल तर मोठा मासा दातांनी, परांनी गुंतून अडकतोच. म्हणून आसाच्या आकाराबरोबर जाळे किती ताणून लावायचे आणि किती तासांनी तपासायचे, हेही नियमातच लिहायला हवे.

---

खोलडोह

मोजदाद यांनी जाळे तपासण्याच्या तासांचा मुद्दा काढला, तो मी माझ्या मांडणीत धरला नव्हता. सोडूनही मेलेले मासे पकडीतच मोजायला हवेत. पट्ट्यातील 5 टक्के पकड आणि पट्ट्यावरच्या माशांपैकी सोडल्यानंतर मरणारे 3 टक्के असे असेल, तर त्या म्हाताऱ्या माद्यांवरचा वार्षिक भार शून्य नसून 3 टक्के आहे. 20 वर्षांत त्यांच्यापैकी साधारण 46 टक्के केवळ त्यामुळे जातील. पहिल्या प्रतिसादात विचारलेला ‘वय कशावरून वाचले’ हा प्रश्न आणि हा ‘सोडलेल्यांपैकी किती मेले’ हा प्रश्न, या दोन्हींची उत्तरे हाती येईपर्यंत उशिरा प्रौढ होणाऱ्या माशासाठी मी वरच्या उदाहरणातील 5 टक्क्यांपेक्षाही खालूनच सुरुवात करीन.